सही करू नका, बॉस!

नांदेड रोडवर, अर्धापूरजवळ केळीच्या ट्रकने आमच्या गाडीचा चक्काचूर केला. माणसं वाचली, गाडी 'टोटल लॉस'. पॉलिसीवर आयडीव्ही ४ लाख. कंपनीची ऑफर ३ लाख १० हजार. का, तर म्हणे "मार्केट रेट एवढाच आहे."

आता फंडा ऐका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की टोटल लॉस. मग पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव. घसारा त्यात आधीच कापलेला असतो. पुन्हा कसला कापता? वजा होते ती फक्त सक्तीची कपात.

मी सही केली नाही, लेखी तक्रार दिलीये. महिन्यात उत्तर नाही आलं, तर पुण्याचे विमा लोकपाल आहेतच. फी नाही, वकील लागत नाही. 90 हजार सोडायचे कशाला?