‘हे ब्लूग्रास नव्हे’ : एका पळवाटेविषयी

साहित्य शिकवणाऱ्या कोणालाही एक प्रश्न वर्षातून दोनचार वेळा तरी ऐकावा लागतो : ‘सर, ह्याला कविता म्हणायचे का?’ विचारणाऱ्याला कवितेची व्याख्या नको असते. त्याला ती कविता आवडलेली नसते, किंवा तिच्यात शिरता आलेले नसते, आणि तसे उघड म्हणण्याचा त्याला संकोच वाटत असतो. म्हणून तो कवितेचे कुळगोत्र विचारतो. विद्यार्थ्याचा हा संकोच आम्ही समजू शकतो. परंतु एखादा कलाप्रकार वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या जाणत्या रसिकांनी हीच पळवाट वापरावी आणि तिला समीक्षा म्हणावे, ह्याला आमचा आक्षेप आहे. हा आक्षेप मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहोत. ते अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताचे आहे. दूरच्या उदाहरणात आपले कोणी दुखावत नाही, आणि युक्तिवाद निर्विकारपणे तपासता येतो.

ब्लूग्रास म्हणजे मॅन्डोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि डबल बास ह्या पाच वाद्यांच्या मेळाचे, चढ्या स्वरातील गायनाचे आणि बहुधा द्रुत लयीचे संगीत. ह्यात ढोल नसतो. मॅन्डोलिनवादक तारा दाबून लयीच्या उपमात्रेवर जो कोरडा, तुटक आघात करतो, तोच ढोलाचे काम करतो. मॅन्डोलिन आपल्याला तसे परके नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सज्जाद हुसेन ह्यांनी ह्या आठ तारांच्या वाद्यातून रागदारीची मींड काढून दाखवली होती. केंटकी राज्यातील रोझीन ह्या खेड्यात १९११ साली जन्मलेल्या बिल मन्रो ह्यांनी हेच वाद्य एका नव्या संगीतप्रकाराच्या केंद्रस्थानी आणून बसवले. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव होते ‘ब्लू ग्रास बॉइज’. पुढे १९५०च्या दशकात ह्या वृंदाच्या नावावरूनच त्या संपूर्ण प्रकाराला ब्लूग्रास म्हटले जाऊ लागले. एका माणसाच्या फिरत्या संचाचे नाव प्रकाराला मिळाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील साऱ्या भांडणाचे मूळ तिच्यात आहे.

आता आमचे उदाहरण. क्रिस थीली हा १९८१ साली जन्मलेला मॅन्डोलिनवादक. सारा आणि शॉन वॉटकिन्स ह्या बहीणभावांसह त्याने बालपणीच, १९८९ साली, ‘निकेल क्रीक’ हा संच सुरू केला. २००० सालच्या ध्वनिमुद्रिकेने हे त्रिकूट अमेरिकाभर लोकप्रिय झाले. २००७ च्या अखेरीस निरोपाचा दौरा करून ते थांबले. थीलीने त्याआधीच चार नवे वादक जमवले होते. त्यांच्यासह त्याने २००६ साली एक ध्वनिमुद्रिका काढली, आणि २००७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील झँकेल सभागृहात ‘द ब्लाइंड लीव्हिंग द ब्लाइंड’ ही चार भागांची, सुमारे चाळीस मिनिटांची रचना सादर केली. तिचे बरेचसे सुटे आलाप सोडता बाकी सारे कागदावर लिहून बांधलेले होते. लवकरच ह्या संचाने ‘पंच ब्रदर्स’ हे नाव घेतले. ते मार्क ट्वेनच्या एका विनोदी कथेतून आलेले आहे.

ह्या नव्या संचाने श्रोत्यांत तीन तट पाडले. पहिला तट जुन्या त्रिकुटाच्या चाहत्यांचा : त्यांना ती गाणी आणि ते तीन आवाज परत हवे होते. दुसरा परंपरावाद्यांचा : हे ब्लूग्रास नव्हेच, असा त्यांचा निकाल. तिसरा तट अत्यानंदित झालेल्यांचा : थीलीने मॅन्डोलिनला डोंगरी संगीतातून वर उचलून अभिजात संगीताच्या पंक्तीला बसवले, असे त्यांचे म्हणणे. आम्ही दोघेही ह्या भांडणात अलिप्त नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. आमच्यापैकी एकाचा जीव निकेल क्रीकमध्ये गुंतलेला, तर दुसऱ्याच्या मते १९४६ नंतर ब्लूग्रासमध्ये ऐकण्यासारखे फारसे काही घडलेलेच नाही. ती चाळीस मिनिटांची रचना आम्ही प्रथम एकत्र ऐकली, तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघाले, ‘हे ब्लूग्रास नव्हे.’ परस्परविरोधी आवडीची दोन माणसे एकाच वाक्याआड लपू शकतात, हे तेव्हा आमच्या लक्षात आले आणि त्या वाक्याचाच संशय येऊ लागला.

प्रथम परंपरावाद्यांचा समाचार घेऊ. ज्या मूळ ब्लूग्रासची ते शपथ घेतात, ते नेमके कोणते? त्यांच्या मनात असते ते १९४६-४७ चे मन्रो ह्यांचे वृंद : गिटारवर लेस्टर फ्लॅट, बँजोवर अर्ल स्क्रग्ज. परंतु मन्रो १९३९ पासूनच नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या रेडिओ कार्यक्रमात आपला वृंद घेऊन गात होते. १९४५ च्या फेब्रुवारीत त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा त्या वृंदात चक्क अकॉर्डियन होते, आणि ते वाजवत होत्या सॅली ॲन फॉरेस्टर. ह्या बाई १९४३ ते १९४६ ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये होत्या. त्या वेळचे बँजोवादक स्ट्रिंगबीन जुन्या पद्धतीने वाजवीत. १९४५ च्या अखेरीस एकवीस वर्षांचे स्क्रग्ज आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वादनाने वृंदाचा नादच पालटला. म्हणजे ज्याला आज मूळ म्हणतात, तो स्वतःच एक ‘नवा संच’ होता. जुन्या संचावर प्रेम करणाऱ्या कोणाला तो खटकलाही असेल. फ्लॅट आणि स्क्रग्ज १९४८ च्या आरंभी बाहेरही पडले. सव्वादोन वर्षे टिकलेल्या एका बैठकीचे छायाचित्र भिंतीवर लावायचे आणि त्यातल्या चेहऱ्यांशी न जुळणाऱ्या प्रत्येकाला घराबाहेर काढायचे, ह्याला परंपरा म्हणता येईल काय?

खुद्द मन्रो ह्यांचे उदाहरण उद्बोधक आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी वागले. १९४८ साली स्टॅन्ली बंधूंनी त्यांच्या वृंदाचे गाणे त्याच शैलीत ध्वनिमुद्रित केले, आणि पुढे कोलंबियाने त्या बंधूंशी करार केला, तेव्हा मन्रो संतापून ती कंपनी सोडून गेले. आपला नाद ही आपली मालमत्ता आहे, अशी त्यांची तेव्हाची धारणा. पण १९५१ साली त्याच स्टॅन्ली बंधूंपैकी थोरला कार्टर काही काळ त्यांच्या वृंदात गायला, आणि मन्रो ह्यांनी त्याला गाऊ दिले. १९५४ साली एल्विस प्रेस्लीने त्यांचे तीन मात्रांचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ द्रुत आणि सम मात्रांत गायले, तेव्हा त्यांनी स्वतः ते गाणे पुन्हा मुद्रित केले. त्याचा आरंभ जुन्या लयीत आहे आणि उत्तरार्ध नव्या. १९६३ साली बोस्टनकडचा बिल कीथ हा तरुण बँजोवर फिडलच्या गतींचा एकेक स्वर काढू लागला होता. त्याला मन्रो ह्यांनी वृंदात घेतले. वृंदात ‘बिल’ एकच असायचा, म्हणून ते त्याला त्याच्या मधल्या नावावरून ‘ब्रॅड’ म्हणत. नावाच्या बाबतीत हट्टी असलेला हा गृहस्थ नादाच्या बाबतीत पुष्कळ मोकळा होता. त्याच्या आजच्या भक्तांचे नेमके उलट आहे.

आता पंच ब्रदर्सची वाद्ये मोजा. मॅन्डोलिन, फिडल, बँजो, गिटार, बास. मन्रो ह्यांच्या १९४६ च्या वृंदात हीच पाच होती. ढोल नाही, विजेवरचे वाद्य नाही. उलट, ज्या निकेल क्रीकच्या आठवणीने काहींचे डोळे पाणावतात, त्या त्रिकुटात कायमचा बँजोवादकच नव्हता. पंच ब्रदर्सचा गिटारवादक क्रिस एल्ड्रिज हा ‘सेल्डम सीन’ ह्या नामवंत ब्लूग्रास संचाच्या बँजोवादकाचा, बेन एल्ड्रिज ह्यांचा, मुलगा. नोम पिकेल्नीच्या बँजोवर स्क्रग्जचा आणि कीथचा, दोघांचाही संस्कार उघड ऐकू येतो. तेव्हा कुळगोत्रच पाहायचे ठरले, तर नव्या संचाचे कुळ जुन्यापेक्षा अधिक शुद्ध निघते. पण हे सिद्ध झाल्याने ज्याला ती रचना कंटाळवाणी वाटली, त्याचा कंटाळा नाहीसा होईल काय? होणार नाही. म्हणजेच त्याची तक्रार मुळात कुळाविषयी नव्हती.

तिसऱ्या तटाला आम्ही अधिक दोषी मानतो, कारण त्यांची स्तुती निंदेहून अपमानकारक आहे. थीलीने मॅन्डोलिन ‘वर’ नेले, म्हणजे ते आधी खाली होते. मन्रो ह्यांच्या एखाद्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पाच माणसे आळीपाळीने पुढे येतात, प्रत्येक जण धुनेला आपले वळण देतो, आणि बाकीचे चौघे त्या अवधीत आपली जागा बदलून त्याला आधार देतात. ही शिस्त कार्नेगी हॉलच्या प्रमाणपत्रावाचूनही कलाच होती. थीली स्वतः बाख वाजवतो. त्याची बाखच्या रचनांची ध्वनिमुद्रिका २०१३ साली निघाली. परंतु बाखशेजारी बसल्याने मन्रो मोठे होत नाहीत आणि न बसल्याने लहानही ठरत नाहीत. चाळीस मिनिटे लांब म्हणून श्रेष्ठ, कागदावर लिहिलेले म्हणून श्रेष्ठ, हाही कुळगोत्राचाच विचार. फक्त कुळ बदललेले. ह्या मंडळींनीही रचना ऐकलेली नसते, तिच्या पत्त्यावरून तिची किंमत ठरवलेली असते.

ह्यावर एक आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे : मग शब्दांना अर्थ उरणार नाही, सगळेच ब्लूग्रास, तर ब्लूग्रास म्हणजे काय? आक्षेप रास्त आहे. सीमा असाव्यात, आणि आम्ही वर त्या प्रकाराचे वर्णन केलेच आहे. उपमात्रेवरचा तो आघात आहे की नाही, एकाचे वादन दुसऱ्याच्या हाती कसे जाते, गाणारा आवाज कोठे चढतो, हे ऐकून सांगता येते. असे वर्णन उपयुक्त असते. त्याने श्रोत्याला काय ऐकायचे ते कळते. तिकीट काढणाऱ्याला काय ऐकवले जाणार आहे ते आधी कळावे, हाही त्याचा हक्कच. परंतु वर्णन म्हणजे मूल्यनिर्णय नव्हे. ‘ही रचना ब्लूग्रासच्या रूढ आकृतिबंधात बसत नाही’ हे वर्णन झाले. ‘म्हणून ती वाईट’ किंवा ‘म्हणून ती थोर’ म्हणण्यासाठी निराळी कारणे द्यावी लागतात, आणि ती देण्याचे कष्ट टाळण्यासाठीच तो ‘म्हणून’ वापरला जातो.

आमची कारणे आम्ही देतो. ‘द ब्लाइंड लीव्हिंग द ब्लाइंड’मध्ये थीलीच्या घटस्फोटाचे दुःख आहे. आमच्या मते शब्द आणि स्वर तेथे सारखे एकमेकांच्या पायात येतात. वादक इतके व्यग्र असतात, की दुःखाला बसायला जागा मिळत नाही. पण ह्याच रचनेत काही ठिकाणी पाचही वाद्ये थबकतात आणि फिडल एकटे श्वास घेते, तेव्हा कोणत्याही जुन्या शोकगीताइतके ते आत शिरते. आम्हा दोघांत हिच्याविषयी अद्याप एकमत नाही. एकाला ती अपयशी वाटते, दुसऱ्याला अपुरी पण आवश्यक. मात्र आता आम्ही एकाच रचनेविषयी भांडतो. पूर्वी आम्ही आपापल्या आठवणींविषयी भांडत होतो.

आणि आठवणीचे म्हणाल, तर त्यांचाही आम्हाला अनादर नाही. ‘मला ते तीन आवाज पुन्हा ऐकायचे होते’ हे वाक्य प्रामाणिक आहे. त्याला कोणत्याही शास्त्राचा टेकू लागत नाही. निकेल क्रीकचे तिघे २०१४ आणि २०२३ साली नव्या ध्वनिमुद्रिका घेऊन पुन्हा एकत्र आलेही. पण फिरत्या संचातील माणसे श्रोत्यांच्या आठवणीवर जगत नाहीत. मन्रो ह्यांच्या वृंदातून दीडशेहून अधिक वादक येऊन गेले. सततचा प्रवास, बेताचे वेतन, घरदार, आणि स्वतःचे काही करण्याची इच्छा ह्यांपुढे कोणाचा इलाज चालत नाही. प्रत्येक जाणाऱ्याबरोबर काही गेले आणि प्रत्येक येणाऱ्याबरोबर काही आले. ह्या येण्याजाण्यालाच तिथे परंपरा म्हणतात.

२०२३ साली पंच ब्रदर्समधूनही फिडलवादक गेब विचर बाहेर पडले आणि त्यांच्या जागी ब्रिटनी हास आल्या. ‘ब्रदर्स’मध्ये आता एक बाई आहे. नव्या संचाविषयी कोणी नाक मुरडणार असेल, तर त्याने खुशाल मुरडावे. वादन आवडले नाही तर तसे म्हणावे, कोठे आवडले नाही ते सांगावे. फक्त ‘मुळात असे नव्हते’ एवढे म्हणू नये. मुळात, १९४५ साली, ‘बॉइज’मध्येही एक बाई होती आणि तिच्या गळ्यात अकॉर्डियन होते.