पेटीची मुदत ठेव

दिवसा बँकेत लोक मला विचारतात, "पैसे दुप्पट कधी होणार?" संध्याकाळी मुलांना माझ्याकडे पेटी शिकायला घालणारे पालक विचारतात, "विशारद कधी होणार?" पहिल्या प्रश्नासाठी माझ्याजवळ छापील तक्ता आहे. दुसऱ्याच्या वेळी मी खोकतो.

माझ्या शिकवणीत सहा वर्षांच्या चिमुरडीपासून अडुसष्टीच्या आजोबांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसतात. लहान पोरं भाता असा हाणतात की सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताहेत असं वाटावं. सूर चुकला तर त्यांना पत्ता नसतो, असला तर पर्वा नसते. चाळिशीतल्या गृहस्थाचं बोट गंधाराऐवजी मध्यमावर पडलं, की तो "सॉरी" म्हणतो आणि भाता थांबवून माझं तोंड बघत बसतो. अहो, भाता थांबला की चुकीचा सूर जातो हे खरं, पण बरोबरचा तरी कुठून येणार?

माझं भांडण या चुकणाऱ्यांशी नाही. माझं भांडण पोचपावती मागणाऱ्यांशी आहे.

एका चिरंजीवांच्या वडिलांनी मला बजावलं होतं, "परीक्षेला आहेत तेवढेच राग घ्या. उगाच जास्त नको." मी तेवढेच घेतले. पहिला वर्ग मिळाला, पेढे आले, मीही दोन खाल्ले. वर्षभराने त्यांच्या घरी गेलो, तर दिवाणखान्यात प्रमाणपत्र चौकटीत विराजमान! म्हटलं, "वाजव बघू काहीतरी." चिरंजीव म्हणाले, "सर, पेटी माळ्यावर आहे." ते दोन पेढे मला त्या दिवशी बाधले.

"परीक्षा नसती तर पोरं रियाझ करतील का?" असं कुणी विचारील. मान्य. निम्म्यांनी अलंकार घोटलेही नसते. पण परीक्षेनंतर उरलेल्या निम्म्यांनीही ते सोडले, त्याचं काय? विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं चार सभ्य घरांत पोचावं म्हणून. आपण घरात फक्त दाखला घेतला आणि गाण्याला दारातूनच नमस्कार केला.

आणि दाखल्याचं कौतुक पेटीला तरी सांगू नका! तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, म्हणून १९४० मध्ये रेडिओने तिला दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. मधली एकतीस वर्षं ती कुठल्या प्रमाणपत्रावर जगली? भजनाला बसत होती, नाटकाला बसत होती, लोकांना हवी होती, म्हणून जगली.

ते अडुसष्टीचे आजोबा म्हणजे त्याच चिरंजीवांचे आजोबा. माळ्यावरची पेटी त्यांनी खाली काढली, उंदरांनी कुरतडलेला भाता दुरुस्त करून घेतला आणि आले. एक अभंग स्वतःच्या हाताने वाजवायचाय, एवढंच म्हणाले. सवयीने मी विचारलं, "परीक्षेला बसणार?" म्हणाले, "कशाला? सतरंजीवर बसलोय की!"

हल्ली मी नियम केलाय. "विशारद कधी?" असं विचारणाऱ्या पालकाने आधी आठवडाभर माझ्यासमोर बसून सा ते सा वाजवायचं. तेव्हापासून प्रश्न जवळजवळ बंद झालेत. एक आई मात्र आठवडा संपला तरी येतेच आहे. तिची मुलगी शेजारी बसून तिच्या चुका काढते. परीक्षेचं दोघींनीही अजून विचारलेलं नाही, आणि मी आठवण करून देणार नाही.