अमेरिकेची तूट : उधारीला मुदत किती?

विशेष प्रतिनिधी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा व्यवहारातला साधा नियम अमेरिकेने सुमारे अर्धशतक धाब्यावर बसवला आहे. १९७५ नंतर एकाही वर्षी या देशाची निर्यात आयातीपेक्षा अधिक भरलेली नाही. २०२४ मध्ये वस्तू व सेवा व्यापारातील तूट ९०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

अन्य देशांना एवढी सवलत मिळत नाही. १९९०-९१ मध्ये भारताची चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होती. तेवढ्यानेही परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवण्यासाठी परदेशी धाडावे लागले. अमेरिकेची हीच तूट २००६ मध्ये सहा टक्क्यांच्या घरात होती. तिच्या दारात मात्र कोणी सावकार उभा राहिला नाही.

फरक आहे तो चलनाचा. भारताला डॉलर मिळवून देणी भागवावी लागत होती. अमेरिकेची देणी तिच्याच डॉलरमध्ये आहेत. चीन, जपान व तेलउत्पादक देशांनी माल विकून मिळवलेले डॉलर पुन्हा अमेरिकी कर्जरोख्यांतच गुंतवले. ही व्यवस्था मुळात विसंगत असल्याचा इशारा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी १९६० मध्येच दिला होता : जगाला डॉलर पुरवायचे तर अमेरिकेची देणी वाढणार आणि ती वाढली की डॉलरवरील विश्वास डळमळणार. १९७१ मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तुटली, तेव्हा हा इशारा खरा ठरला. तरीही डॉलरचे सिंहासन ढळले नाही. २००८ च्या अरिष्टातही डॉलर कोसळेल ही भीती फोल ठरली; उलट घाबरलेला पैसा अमेरिकी रोख्यांकडेच धावला.

आयातशुल्क हा या दुखण्यावरचा उपाय नव्हे. देशाची बचत गुंतवणुकीला पुरत नाही, तोवर तूट राहणारच. २०१८ नंतर चीनशी असलेली तूट घटली. पण मेक्सिको आणि व्हिएतनामशी असलेली वाढली. दुकान बदलले, उधारी कायम राहिली.

म्हणून ही उधारी अमर्याद काळ चालेल काय? तशी चिन्हे नाहीत. २०२४ अखेर अमेरिकेची परदेशी देणी तिच्या परदेशी मालमत्तेपेक्षा सुमारे २६ लाख कोटी डॉलरने अधिक होती. कर्जबाजारी असूनही परदेशी गुंतवणुकीतून तिला मिळणारे निव्वळ उत्पन्न अलीकडे झपाट्याने आटले आहे. जगाच्या गंगाजळीतील डॉलरचा वाटा शतकाच्या आरंभी सत्तर टक्क्यांच्या आसपास होता, तो साठच्या खाली आला. एप्रिल २०२५ मधील शुल्कघोषणेनंतर तर शेअर, रोखे आणि डॉलर तिन्ही एकाच वेळी घसरले. संकटकाळी आसरा देणाऱ्या चलनाचे हे लक्षण नव्हे. पाठोपाठ मे महिन्यात मूडीज या संस्थेनेही अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन काढून घेतले.

तूट किती, यापेक्षा धनको किती व्याजावर थांबायला तयार आहेत, हाच खरा प्रश्न आहे. सरकारी खर्चाला लगाम घालून बचत वाढवली, तर अमेरिकेला हळूहळू सावरता येईल. अन्यथा ते काम बाजार करील, आणि तेही सवडीने नव्हे. त्याची झळ तिच्यापुरती राहणार नाही. भारतीय मालाची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच आहे. ऋणकोने हात आखडता घेतला, तर दुकानदाराच्याही पोटाला चिमटा बसणार आहे.