म्हादई थोर की तारिणी?

'तारिणी' म्हणजे 'म्हादई'ची झेरॉक्स, हे वाक्य मी पणजीत चारपाच वेळा तरी ऐकले असेल. या वेळी ते सुरतेत ऐकले, आणि तेही एका गोंयकाराच्याच तोंडून! भाचीच्या लग्नाला रजा काढून गेलो होतो. (सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आपली मराठी, त्यातही खानदेशी माणसे इतकी आहेत की गुजरातेत आहोत हेच विसरायला होते.) जेवणे आटोपल्यावर विषय निघाला आणि हे गृहस्थ म्हणाले, इतिहास घडवला तो म्हादईने, तारिणी त्याच साच्यातून काढलेली दुसरी होडी, तिचे एवढे कौतुक कशाला?

झेरॉक्सचे यंत्र ज्याच्या टेबलाशेजारी वीस वर्षे धडधडते आहे अशा माझ्यासारख्या कारकुनाला ही उपमा झोंबली. म्हणून हा लेख.

तुलनाच करायची तर नीट करूया. दोन्ही शिडाच्या होड्या ५६ फुटी, म्हणजे सुमारे १७ मीटर. दोघींची डोलकाठी साधारण २५ मीटर उंच. दोघींचा आराखडा एकच, हॉलंडच्या व्हॅन द स्टाट यांचा 'टोंगा ५६'. लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास. दोन्ही बांधल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये. म्हादई फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली, तारिणी १८ फेब्रुवारी २०१७ रोजी. दिशादर्शनाची आणि संपर्काची साधने तारिणीवर अधिक नवी, हे ओघानेच आले.

आता कर्तृत्व. म्हादईवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा एकट्याने आणि कुठेही न थांबता केली. तारिणीवरून वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तिच्यावरून पुन्हा पृथ्वीला वळसा घातला. म्हणजे दोघींच्या खात्यावर दोन-दोन प्रदक्षिणा! २०१८ साली शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड होऊन तारिणीला मॉरिशस गाठावे लागले, हेही खरे. ते लपवायचे कारण नाही. आणि त्या सहाजणी समुद्र शिकल्या त्या म्हादईवरच. या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करणे म्हणजे आईशी लेकीची स्पर्धा लावणे.

पण माझा मुद्दा याहून वेगळा आहे. पहिली होडी जिद्दीवर होते. तशी होडी त्या यार्डात पूर्वी कुणी बांधली नव्हती. खुद्द दोंदे तिथे ठाण मांडून बसले, चुकत-शिकत काम पुरे झाले. दुसरी होडी जिद्दीवर होत नाही. तिला हातात मुरलेली विद्या लागते. तारिणीची कील २७ मार्च २०१६ ला मनोहर पर्रीकरांच्या हस्ते बसवली गेली आणि अकरा महिन्यांच्या आत होडी नौदलाच्या ताब्यात होती. म्हादईनंतर इतक्या वर्षांनी! म्हणजे मधल्या काळात हात विसरले नव्हते. एखादी गोष्ट एकदा जमणे हा योगायोगही असू शकतो, दुसऱ्यांदा जमली तर ती आपली झाली. म्हणून मला विचाराल तर, दिवाडीच्या दृष्टीने तारिणी हीच मोठी परीक्षा होती.

आणि हे सगळे सुरतेत बसून न कळावे याचे मला नवल वाटते. सुरत म्हटली की आपल्या मराठी डोक्यात दोनच साल येतात, १६६४ आणि १६७०. लुटीचा हिशोब आपल्याला पाठ. पण मुळात त्या बंदराची जहाजे कोण बांधत होते, हे विचारायचे सुचत नाही. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा पारशी सुतार १७३६ च्या सुमारास कंपनी सरकारने मुंबईला नेला. त्याच्या वंशजांच्या हातची 'ट्रिंकोमाली' ही १८१७ ची सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण नाव झाले मुंबईचे. तापीची रेती, व्यापाराची पडझड वगैरे कारणे आहेतच, पण बंदर खचते तेव्हा आधी कारागीर उठून जातात. जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'आयएनएस सुरत' ही विनाशिकासुद्धा माझगाव डॉकची, मुंबईची. (हजिऱ्याला पोलादी बोटी बांधल्या गेल्या आहेत, पण त्या मोठ्या कंपनीच्या, तापीकाठच्या सुतारांशी त्यांचे नाते नाही.) आणि ज्या व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींच्या डोक्यातून सागरपरिक्रमेची ही सारी कल्पना निघाली, त्यांचा जन्म १९२७ चा, सुरतेचा! सुरतेच्या माणसाचे स्वप्न, आणि होडी बांधली दिवाडीने. आमच्या गोंयकार पाहुण्याला हे सांगितले तर त्यांनी पान लावायला घेतले. असो.

जे सुरतेच्या हातून गेले ते आज आपल्याकडे आहे. आपण त्याचे काय करतो? म्हादईच्या पाण्यावर आपण तावातावाने बोलतो (बोलायलाच हवे), पण त्या नावाची होडी कुठे बांधली हे शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. मांडवीत उभी जहाजे म्हटली की कॅसिनो आठवतात. आपला तारवटी परदेशी जहाजांवर घाम गाळतो, पण घरची मुले दिवाडीच्या यार्डात हातात रंधा घेतील अशी व्यवस्था आपण केलेली नाही. हात तुटले की काय होते याचा पुरावाही गोव्यातच आहे. मे २०२५ मध्ये नौदलात आलेले 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज दांडेकरांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'ने बांधले. पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके अशी तारवे चालली; पण फळ्या काथ्याने शिवायला केरळहून बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आणावे लागले. ते होते म्हणून निभावले.

फायबरग्लासच्या होडीसाठी उद्या कुठून माणसे आणणार? आयटीआयच्या मुलांना यार्डात दोन वर्षे उमेदवारी आणि सरकारी विद्यावेतन, एवढ्याने सुरुवात होईल. प्रस्तावाची फाईल कुणी हलवत असेल तर नोटिंग मी लिहून देतो, सुट्टीच्या दिवशी येऊन.