लाल त्रिकोण संगणकालाही हवा

आपण बीडकडे कपाशीवर फवारतो त्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणारा तेच पाहून सावध होतो.

आता संगणकात कृत्रिम बुद्धीचा गडी आला आहे. कोणता हुकूम काय करतो, हे तो लिहिलेल्या माहितीवरूनच ओळखतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत अशा एका गड्याने, 'काही बदलू नकोस' असे बजावूनही, चालू कामाची माहिती पुसून टाकली.

उद्या सोसायटीची कर्जखाती त्याच्या हाती गेली, तर सभेत विचारा : 'पुसा' या हुकमापुढे स्पष्ट लिहिले आहे का, की काय जाईल, परत मिळेल का, आधी कोणाला विचारायचे? शिवाय खात्यांची नक्कल वेगळी ठेवायला लावा. विषाच्या डब्यावर चिठ्ठी हवी, तसे कपाटाला कुलूपही हवे.