हात धुणे व हात धुणे

आमच्या नववीतील एका विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात लिहिले की, पोलिसांनी चोराविषयी आपले हात धुतले. त्यास म्हणावयाचे होते, ‘पोलीस हात धुऊन चोराच्या पाठीस लागले.’ शब्द बरोबर, व्याकरण बरोबर. अर्थ मात्र नेमका उलटा! इंग्रजीत हात धुणे म्हणजे जबाबदारी झटकून मोकळे होणे. त्याचे मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27 व्या अध्यायात आहे. पिलाताने लोकसमुदायासमोर पाणी घेऊन हात धुतले, ते युरोपच्या बोलण्यात कायमचे राहिले. आमचे हात धुणे निराळ्या घरचे. उर्दूतही ते आमच्याच अर्थाने आहे, हे नांदेडच्या मुलास बाजारात सहज ऐकू येते.

वाक्प्रचारांची यादी पाठ केल्याने हा घोटाळा टळत नाही. परीक्षेपुरते दोन गुण मिळतात. ते आम्ही तुच्छ मानीत नाही. परंतु तेवढ्यासाठी कित्येक पालक विचारतात, “सर, घरी मराठी बंद करावी काय?” लातूरच्या शिकवणीवर्गांची तयारी पाचवीपासूनच करू पाहणारे पालक तर हा प्रश्न हटकून करितात. आमचे उत्तर एकच : करू नये. ज्या मुलाने आजीच्या तोंडून ‘हात आखडता घेणे’ कधी ऐकलेच नाही, त्यास शब्द एक सांगतो व बोलणे दुसरेच सांगते, ही गोष्टच मुळी ठाऊक नसते.

ज्यास ती ठाऊक आहे, त्यास इंग्रजीची मौज कळते. लाडक्या मुलास इंग्रज ‘डोळ्याचे ॲपल’ म्हणतो. हे सफरचंद नव्हे. जुन्या इंग्रजीत बुबुळासच तो शब्द लावीत. अनुवादाच्या 32 व्या अध्यायातील मूळ इब्री शब्दाचा अर्थ ‘डोळ्यातील लहानगा माणूस’ असा करितात. आम्ही म्हणतो डोळ्यातली बाहुली. लॅटिनमध्येही बाहुलीच, आणि तिच्यापासूनच इंग्रजी ‘प्युपिल’ आला.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. तीत ‘हात’ हा शब्द उघडून पाहावा. खाली वाक्प्रचारांची रांगच लागली आहे. रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी 1899 साली मराठी म्हणींचे पुस्तकच काढिले. परक्यांनी आमची भाषा शिकताना आधी आमचे बोलणे ऐकिले.

येत्या वर्षी नववीच्या वहीत आम्ही इंग्रजी यादी उतरवून देणार नाही. प्रत्येकाने घरून एक मराठी वाक्प्रचार आणावा, तो कोणी व कोणत्या प्रसंगी उच्चारला ते लिहावे, आणि शेजारी इंग्रजी जोड शोधावी. न सापडल्यास जागा कोरी ठेवावी. तिचे गुण कापले जाणार नाहीत.