स्वर एकाचा, रंग दुसऱ्याचा

घरांतील वडील माणसानें 'हें बिघडलें आहे' असें एकदां म्हटलें कीं पुढें चौकशी होत नाहीं. या संवयीचा दोष या वेळीं आमच्याच पदरीं आला, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें पहिल्या पगारांतून एक जुना सिंथेसायझर विकत आणला. एके सायंकाळीं एक स्वर धरून तो दुसऱ्या ऑसिलेटरचें बटण फिरवूं लागला. बटण स्वर चढविण्याचें. परंतु स्वर होता तेथेंच राहिला, आणि आवाज मात्र कधीं सनईसारखा तर कधीं करवतीसारखा होऊं लागला. आम्हीं चाळीस वर्षें पेटी वाजविलेली! तात्काळ निकाल दिला, "यंत्र बिघडलें आहे, काढून टाक." "काका, माहितीपुस्तक तरी वाचून पाहतों," असें तो म्हणाला, आम्हीं ऐकलें नाहीं. त्यानें निमूटपणें तें वाद्य निम्म्या किंमतीस विकलें. महिन्याभरानें कळलें कीं, यंत्रांत कांहींच बिघाड नव्हता. 'सिंक'ची कळ दाबलेली होती, एवढेंच.

ही कळ काय करते, हें त्यानेंच मग कॅलेंडरच्या पाठीवर आकृति काढून आम्हांस समजाविलें. ऑसिलेटर म्हणजे विजेचा दाब ठराविक गतीनें वरखालीं करणारी रचना. सेकंदाला त्याचे जितके अधिक फेरे, तितका स्वर उंच. एकाचे ११० आणि दुसऱ्याचे १६५ फेरे ठेविले तर त्यांचें प्रमाण २ : ३ होतें, आणि आपणांस षड्ज व पंचम असे दोन स्वर ऐकूं येतात. आतां सिंकची कळ दाबावी. पहिला ऑसिलेटर नायक होतो व दुसरा अनुयायी. जुन्या पुस्तकांतून तर त्यांस 'धनी' आणि 'दास' असेंच म्हणत. नायकाचा फेरा पुरा होतांच अनुयायानें आपला चालू फेरा, तो कोठेंही असो, तेथेंच टाकून पुन्हां आरंभापासून सुरुवात करावयाची, हा नियम.

समजा, एक तबलजी ठेका धरून बसला आहे आणि दुसरा आपल्या स्वतंत्र लयींत बोल वाजवीत आहे. पहिल्याची सम आली कीं दुसऱ्यानें हातांतला बोल अर्धा राहिला तरी सोडून द्यावयाचा आणि पुन्हां पहिल्या 'धा'पासून निघावयाचें. तिहाई जमवून समेवर येण्याची सवलत येथें नाहीं.

वरील उदाहरणांत नायकाच्या एका फेऱ्यांत अनुयायाचे दीड फेरे होतात. एक पुरा, दुसरा अर्ध्यावर तुटलेला. हा दीड फेऱ्यांचा तुकडा सेकंदाला ११० वेळां जसाच्या तसा परत येतो. कानाला स्वराची उंची समजते ती या पुनरावृत्तीवरून. म्हणून अनुयायाचाच आवाज ऐकला तरी ऐकूं येतो तो षड्ज. पंचम वेगळा उरत नाहीं. मग अनुयायाची गति वाढविली तर बदलतें काय? तुटण्याची जागा बदलते. तिच्याबरोबर तुकड्याची आकृति बदलते आणि मूळ स्वरासोबत सूक्ष्मपणें वाजणाऱ्या वरच्या स्वरांशांचें बळ बदलतें. अनुयायाच्या स्वतःच्या गतीच्या आसपासचे स्वरांश विशेष जोर धरितात. यालाच आपण आवाजाचा रंग म्हणतों. गति बरोबर २२० झाली कीं दोन फेरे पुरे बसतात, मोडतोड उरत नाहीं आणि स्वच्छ तार षड्ज लागतो. त्यापुढें गेलें कीं पुन्हां तुटणें आलेंच.

१९७२ सालच्या आर्प ओडिसी या वाद्यांत आणि १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्यें ही सोय होती. 'द कार्स' या अमेरिकन मंडळीच्या १९७९ मधील 'लेट्स गो' या गीतांत जी धारदार सुरावट आहे, ती प्रॉफेट-५ वरील सिंकचीच. संगणकावर मात्र हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आकृति एकाएकीं तुटली कीं इतके उंच स्वरांश उपजतात कीं ते संगणकाच्या मोजणीच्या मर्यादेबाहेर जातात आणि बेसूर होऊन खालीं परततात. यावर एली ब्रँट यांनीं २००१ सालीं एक उपाय मांडला.

हें सर्व ऐकून कुटुंबवत्सल माणसास दृष्टान्त सुचल्यावांचून राहत नाहीं. वडिलांनीं स्वर ठरवावा, धाकट्यांनीं रंग भरावा! आम्हीं तो मोठ्या हौसेनें बोलूनही दाखविला. पुतण्या म्हणाला, "काका, कांहीं यंत्रांत सौम्य सिंकही असतो. अनुयायाचा फेरा संपत आला असेल तरच त्यास मागें बोलावितात, एरवीं जाऊं देतात. पण दोन्ही प्रकारांत नायकाला अनुयायाचें कधींच ऐकूं येत नाहीं." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

१६६५ सालीं क्रिस्टियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें आजारपणांत अंथरुणावर पडून असतां एक नवल पाहिलें. एकाच आधारास टांगलेलीं त्याचीं दोन लंबकाचीं घड्याळें कांहीं वेळानें आपोआप एकमेकांशीं जुळून चालूं लागत. लंबक हलत ते उलट दिशांनीं. पण गति एक. त्या आधारांतून दोघांची सूक्ष्म हालचाल एकमेकांस पोहोंचे आणि दोघेंही थोडथोडीं सांवरून घेत. तेथें नायक कोणीच नव्हता.

वाद्यांत पहिला प्रकार शोभतो. त्या तुटण्यांतूनच तेथें रंग उत्पन्न होतो. घरांत मात्र ज्याचा फेरा अर्ध्यावर तुटतो, त्याला तो तुटल्याचें कळतें.

आम्हीं पुतण्याची क्षमा मागितली. विकलेलें वाद्य परत मिळालें नाहीं. दुसऱ्यासाठीं कमी पडणारी रक्कम आम्ही देत आहों. तें घरीं आल्यावर माहितीपुस्तक प्रथम आम्हीं वाचावें आणि बटण प्रथम त्यानें फिरवावें, असें ठरलें आहे.